माया दालनातली दुसरी खुर्ची

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला, माया दालन होतं. तिथवर पोचेपर्यंत माणसांचे पाय भरून आलेले असत, मुलं भुकेनं किरकिरत असत. बरेचजण दारातूनच आत डोकावत, "हे पण तसलंच," असं म्हणत आणि जिन्याकडे वळत. मध्य अमेरिकेच्या जंगलांत शेकडो वर्षांपूर्वी दगडी शहरं बांधून राहिलेल्या माया लोकांची भांडी, मुखवटे आणि कोरीव दगड तिथं मांडलेले होते. त्यातल्या बऱ्याचशा साच्यातून काढलेल्या नकला होत्या. दारावरच्या पाटीवर मात्र नुसतंच 'माया' लिहिलेलं. एखादा नवरा बायकोला म्हणे, "बघ, इथं माया मिळते म्हणे, घेऊन जाऊ थोडी घरी," आणि दोघं हसत निघून जात. दारापाशी स्टुलावर बसलेल्या बाईंनी हा विनोद इतक्यांदा ऐकला होता की, समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तो त्यांना कळे. तरी त्या हसत. कुणीतरी काहीतरी बोललं, याचंच बरं वाटे.

त्यांना सगळे ऑपरेटरबाई म्हणत. संग्रहालयात ऑपरेटरचं काय काम, असा प्रश्न नव्या माणसाला पडे. पण हे नाव त्या सोबत घेऊनच इथं आल्या होत्या. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. लांबलचक बोर्डासमोर ओळीनं बसलेल्या मुली, प्रत्येकीच्या कानांवर हेडफोन. दिवा लागला की पिन खोचायची, "बोला, कुठला नंबर?" म्हणायचं आणि दुसरी पिन दुसरीकडे खोचून द्यायची. कुणाकडे मूल झालं, कुणाचा बाप गेला, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, सगळं त्यांच्या कानांवरून गेलं. ऐकलेलं कुठं बोलायचं नाही, हा तिथला पहिला नियम. तो त्यांच्या अंगात मुरला. आणि कान असा तयार झाला की, कितीही खरखर असू दे, चार लायनी एकमेकींत घुसू देत, हवा तो आवाज त्या गव्हातून खडा काढावा तसा अलगद वेगळा काढत.

दुसऱ्या एका शहराच्या एक्स्चेंजवर एका पुरुषाचा आवाज होता. लांबचे कॉल जोडताना रोज गाठ पडे. कॉल लागेपर्यंत मधे जो रिकामा वेळ असे त्यात तो म्हणे, "आज आवाज बसलाय तुमचा. गरम पाणी घ्या." किंवा, "आमच्याकडे आभाळ भरून आलंय, तुमच्याकडे?" त्याचं नाव बाईंना ठाऊक नव्हतं, त्याला यांचं नव्हतं. विचारू, विचारू म्हणता म्हणता एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, लोक आपले आपण नंबर फिरवू लागले आणि बोर्ड बंद झाला. शेवटच्या दिवशी बाईंनी निघताना त्या शहराच्या जागी पिन खोचून पाहिली. लाईन आधीच तोडलेली होती. पलीकडे खरखरसुद्धा नव्हती.

लग्नाचं जमता जमता राहिलं. आई लवकर गेलेली, बाबा अंथरुणाला खिळलेले, दादा-वहिनी परगावी. बाबांचं करण्यात वय निघून गेलं आणि मग बाबाही गेले. खात्यानं बाईंना या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं आणि एक दिवस सांगितलं की, आता तुमचं काम उरलेलं नाही. मग ही संग्रहालयाची नोकरी मिळाली. दिवसभर काय बोलायचं, तर "काचेला हात लावू नका." पावसापाण्याच्या दिवसांत तेही बोलायला कुणी सापडत नसे. संध्याकाळी घरी निघताना बाई मुद्दाम घसा खाकरून बघत, आवाज जागेवर आहे ना.

घर म्हणजे दोन खोल्या. सकाळी बाहेर पडताना त्या रेडिओ चालू ठेवून जात. परत आल्यावर किल्ली हातात घेऊन क्षणभर दाराबाहेर थांबत. आतून कुणाचं तरी बोलणं ऐकू आलं की, आपली कुणी वाट बघतंय असं वाटे. कुलूप उघडलं की ते वाटणं संपे, मग त्या रेडिओ बंद करून भाताचं आधण ठेवत.

दालन ओस पडतं हे क्युरेटर साहेबांना खुपत होतं. तरुण, हौशी माणूस. त्यांनी एका कंपनीकडून खेळ करून घेतला. खेळ बसवायला आलेली मुलगी दोन दिवस टेबलाखाली आडवी पडून वायरी जोडत होती. सगळे तिला खेळवाली म्हणू लागले. तिनं बाईंना खेळ समजावून सांगितला.

टेबलाच्या मधोमध माणसाच्या डोक्याहून उंच असा लाकडी पडदा. अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक. दोन्हीकडे काचेचे स्क्रीन. मायांचे चितारी मातीच्या पेल्यांवर सभोवार चित्रं काढत, पेला फिरवत गेलं की गोष्ट पुढे सरके. अलीकडच्या स्क्रीनवर असलं एक चित्र अख्खं दिसणार: राजा, दरबारी, जग्वारचं कातडं घातलेलं आसन, पिसांचे टोप, लिहायला बसलेलं माकड नाहीतर ससा. पलीकडच्या स्क्रीनवर त्याच पेल्याच्या खापऱ्यांचा ढीग. अलीकडच्यानं नुसतं तोंडानं सांगायचं, पलीकडच्यानं ऐकून बोटानं खापऱ्या जुळवायच्या. डोकावून बघायचं नाही. पेला पुरा झाला की तो गरकन फिरे, काठाखालची अक्षरं उजळत आणि स्क्रीनवर उमटे की, हा अमक्याचा पेला, कोको पिण्याचा. माया लोक पेल्यांवर खरंच असं लिहून ठेवत. 'अमक्या'च्या जागी खेळणाऱ्यानं सुरुवातीला टाकलेलं नाव माया अक्षरांत चितारून येई.

"म्हणजे आता हात लावा म्हणायचं?" बाईंनी विचारलं.

"हो, हात लावल्याशिवाय खेळ कसा होणार?"

पहिल्याच दिवशी शाळेची सहल आली आणि बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "खेळाला हात लावू नका!" पोरांनी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. सगळे हसले, बाईही हसल्या.

पण सहली रोज कुठल्या येणार? एरवी येत ती एकटीदुकटी माणसं. ती टेबलाशी थबकत, सूचना वाचत, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत आणि पुढे जात. क्युरेटर साहेब हे दोन-तीनदा बघून गेले.

"बाई, कुणी एकटं आलं तर तुम्ही बसाल का पलीकडे?"

"मी? मला त्या मायांतलं काय कळतंय साहेब?"

"कळायचं काही नाही त्यात. ऐकायचं फक्त."

"ऐकायचंच असेल तर बसते."

पहिल्यांदा बसल्या तेव्हा पडद्याआड कुणी तरुण मुलगा होता, कुणाची तरी वाट बघत वेळ काढायला आलेला. बाईंनी ढिगाकडे बघितलं, पाठ ताठ केली आणि म्हणाल्या, "बोला." तो शब्द इतक्या जुन्या आवाजात बाहेर पडला की त्यांची त्यांनाच गंमत वाटली. मुलगा बोलू लागला. डावीकडे एक माणूस, पाय दुमडून बसलाय, नाक लांब, हातात काहीतरी फुलासारखं. बाई कानांत प्राण आणून ऐकत होत्या, बोट आपोआप चालत होतं. चित्र जुळलं. मुलगा "थँक्यू हं" म्हणाला आणि उठून गेला. पलीकडे कोण बसलंय, हे त्यानं येऊन बघितलं नाही.

पुढे सगळे तसेच करत. औषधांचा विक्रेता, बाळंतपणाच्या रजेवरची मास्तरीण, निवृत्त पोस्टमन. बोलत, जुळवत, आभार मानत आणि चालू लागत. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे; जन्मभर तेच तर केलं होतं. फक्त दालन रिकामं झाल्यावर त्या खुर्चीत थोडा वेळ तशाच बसून राहत.

मग एका बुधवारी एक जोडपं आलं. काका उंच, खांद्यात वाकलेले. अंगात अजून गणवेशाची शिस्त दिसत होती. शहरातल्या बसवर ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. काकू ठेंगण्या, चष्म्याची साखळी गळ्यात, सगळं आयुष्य शिवणकामात गेलेलं. हल्ली काकूंचे शब्द हरवत चालले होते. डॉक्टर म्हणाले होते की, बाहेर न्या, बोलतं ठेवा, म्हणून काका त्यांना गर्दी नसेल अशा जागी फिरवत होते.

काकांनी काकूंना अलीकडच्या खुर्चीत बसवलं, आपण पलीकडे गेले. बाई स्टुलावरून ऐकत होत्या.

"सांग, काय दिसतंय?"

"दिसतंय की."

"अगं पण काय?"

"ते आपलं... ते... कात्री."

"कात्री कुठली आली त्या काळात? नीट बघ जरा."

"कात्रीच आहे."

"माणूस असेल, प्राणी असेल, काहीतरी असेल ना?" काकांचा आवाज चढत चालला. "तू मनावरच घेत नाहीस."

काकूंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. बाई उठल्या.

"काका, मी बसू का जरा तुमच्या जागी?"

काका घाम पुसत उठले. बाई बसल्या. "बोला."

"कोण?"

"मी. पलीकडून बोलतेय. काय दिसतंय तुम्हाला?"

"कात्री," चष्मा पुन्हा लावत काकू जरा दबकत म्हणाल्या. "उघडी. टोकं वर करून बसलीये."

बाईंनी ढिगावरून नजर फिरवली. टोप, आसन, साप, आणि एका खापरीवर दोन लांब कान ताठ उभे करून बसलेला ससा. त्यांनी ससा उचलून जागी सरकवला. स्क्रीननं बारीक टिंग केलं.

"सापडली कात्री. पुढे?"

"पुढे बटणं." काकूंना हुरूप आला. "किती लावलीत! सगळीकडे बटणंच. आणि काजं कुणी करायची एवढ्यांची?"

जग्वारच्या कातडीवरचे ठिपके. टिंग.

"आणि त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर झालर आहे. चुण्या बघा कशा बारीक घेतल्यात. मशीनवर नाही होत असल्या. हातानं घातल्यात."

पिसांचा टोप. टिंग. असं करत करत पेला पुरा झाला आणि गरकन फिरला. काठाखाली काकूंचं नाव माया अक्षरांत उमटलं, गोलसर, एकाला एक चिकटलेली चित्रं. काकूंनी त्यावरून बोट फिरवलं. "हात चांगला आहे भरतकाम करणाऱ्या बाईचा," त्या म्हणाल्या.

काका बाईंकडे बघत उभे होते. "तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांनी सांगितलं की."

"मलाही तेच सांगितलं होतं," काका म्हणाले.

त्यानंतर दर बुधवारी ती दोघं येऊ लागली. जिन्यावरूनच काकूंचा आवाज येई, "पलीकडची आहे का?" त्यांच्या लेखी बाईंना चेहरा नव्हता. येताना त्या बाईंच्या स्टुलासमोरून जात, कधी ओळखीचं हसत नसत. खुर्चीत बसून पडद्याआडून "बोला" ऐकू आलं की मात्र त्यांचा चेहरा खुलतो, असं काका सांगत. साप म्हणजे मापाची टेप, गोल मुखवटा म्हणजे सुया टोचायची उशी. बाईंना ती भाषा अवगत होत गेली. काका तेवढा वेळ बाकावर बसत, कधी बसल्या जागी डुलकी काढत. त्यांना एवढीच विश्रांती मिळे.

बुधवारी बाई इस्त्रीचे कपडे घालत. संध्याकाळी घरी आल्यावर जेवताना त्यांना काकूंचं एखादं वाक्य आठवे आणि घास हातातच राही. हे कुणाला सांगावं असं त्यांना फार वाटे. दादाला एकदा फोन केला तर वहिनींनी उचलला. "अगंबाई, तुम्ही! सगळं ठीक ना? हे बाहेर गेलेत." बाई म्हणाल्या, "ठीक आहे, सहज केला होता." आणि ठेवून दिला.

एकदा खेळ अर्ध्यावर आलेला असताना काकूंनी आवाज एकदम खाली आणला.

"ए, एक विचारू?"

"विचारा ना."

"तो माणूस कोण आहे गं? मला घेऊन येतो तो?"

बाईंचं बोट स्क्रीनवर थांबलं. पडद्याच्या कडेनं बाकावरचे काका दिसत होते, मान छातीवर कललेली, तोंड किंचित उघडं.

"का हो?"

"नाही, चांगला आहे. रस्त्यात हात धरतो. पण सारखा रागावतो. माझं माणूस आलं की याला सांगेन म्हणते, मला जाऊ दे आता घरी."

बाई म्हणाल्या, "राहू दे त्यांना. चांगले आहेत म्हणता ना?"

"हो, तसा चांगला आहे. ही बघ, इथं नाडी लोंबतेय कुणाचीतरी."

जाताना काकांनी विचारलं, "आज हळूहळू काय चाललं होतं तुमचं?"

"नाडीचं," बाई म्हणाल्या. ऐकलेलं कुठं बोलायचं नाही. पण त्या रात्री घरी त्यांना जेवण गेलं नाही.

आणि मग एका बुधवारी ती दोघं आली नाहीत. बाईंना वाटलं, बरं नसेल. पुढच्याही बुधवारी नाहीत. जिन्यावर पाऊल वाजलं की बाईंची मान वळे. जन्मभर लोकांच्या लायनी जोडणाऱ्या बाईंना काकांचा नंबर विचारायचं सुचलं नव्हतं. आडनावसुद्धा ठाऊक नव्हतं. पुन्हा तेच केलं आपण, त्यांच्या मनात आलं, आणि तो विचार काढू म्हटला तरी निघेना.

त्याच दिवसांत खेळवाली परत आली. चांगली खुशीत होती. खेळात सुधारणा झाली होती. आता पलीकडे माणूस नको, मशीनच ऐकणार आणि खापऱ्या जुळवणार.

"तुमचा त्रास वाचला बघा बाई."

"मला कुठं त्रास होता?" बाई म्हणाल्या. पण मुलगी टेबलाखाली शिरली होती, तिला ते ऐकू गेलं नाही. पडदा काढला, टेबल भिंतीला लावलं, दुसरी खुर्ची शिपाई खाली गोदामात घेऊन गेला. मशीन खरोखर हुशार होतं. एकटी आलेली माणसं आता थांबून खेळत, मुलं पुन्हा पुन्हा खेळत. क्युरेटर साहेब हरखून गेले होते आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं, हे बाईंनाही पटत होतं.

एका संध्याकाळी दालन बंद करण्याआधी बाई त्या उरलेल्या खुर्चीत बसल्या. स्क्रीनवर ससा होता. "कात्री," बाई म्हणाल्या.

"समजलं नाही," मशीन गोड आवाजात म्हणालं. "कृपया पुन्हा सांगा."

"उघडी कात्री. टोकं वर."

"समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

ते अजिबात रागावत नव्हतं. बाई उठल्या, दिवे मालवले आणि घरी गेल्या.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी ठरवलं आणि ठरवलेलं मोडायच्या आत चपला घातल्या. काका एकदा बोलता बोलता म्हणाले होते, डेपोच्या समोरच राहतो आम्ही, निवृत्त झालो तरी बस सुटल्याच्या आवाजानंच जाग येते. कुणी न बोलावता कुणाच्या घरी जायची बाईंना सवय नव्हती. डेपोच्या फाटकापाशी चहा पीत उभ्या असलेल्या ड्रायव्हरांना विचारताना त्यांचे कान तापले.

"जुने ड्रायव्हर आहेत एक. उंच. त्यांच्या मिसेस कपडे शिवायच्या."

"शिवणकाकू होय! आमचे सगळ्यांचे गणवेश त्यांनीच तर कमी-जास्त केले. तो बघा, हिरव्या दाराचा जिना. पण काकू पडल्यात हो."

दार काकांनी उघडलं. दाढी वाढलेली, खांद्यावर पंचा. क्षणभर त्यांना ओळख पटली नाही. मग म्हणाले, "बाई तुम्ही? या, या ना." आणि वाट अडवूनच उभे राहिले, घर आवरलेलं नसल्यासारखे.

काकू न्हाणीघरात घसरल्या होत्या. कमरेचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उठल्या नाहीत. गेल्या काही दिवसांत बोलणंही जवळजवळ थांबलं होतं. खाटेवर त्या आणखी लहान दिसत होत्या. कोपऱ्यात शिलाई मशीन झाकून ठेवलेलं, त्यावर औषधं. बाई खाटेशेजारच्या खुर्चीत बसल्या, हसल्या. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि डोळ्यांत भीती आली.

"आज मापं नाही घेणार," त्या कशाबशा म्हणाल्या. "सांगा यांना. आज नाही." आणि तोंड भिंतीकडे फिरवून रडायला लागल्या.

बाई झटकन उठल्या. चूक झाली, येऊ नये होतं, असं झालं त्यांना. काका चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले होते, त्यांना सांगून निघावं म्हणून त्या दाराचा पडदा बाजूला करून आत गेल्या. ओट्यावर उष्टी भांडी, गॅसवर पाणी. काका पाठमोरे उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. बाहेरून काकूंचं हुंदके देणं ऐकू येत होतं. बाई तशाच पडद्याकडे वळल्या आणि तो न उघडता म्हणाल्या, "बोला."

हुंदके चालूच राहिले. मग मधलं अंतर वाढत गेलं. मग थांबले.

"किती वेळ लावलास गं," बाहेरून आवाज आला.

काकांनी गॅस बंद केला.

"झाला खरा वेळ," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नीट होता, नेहमीचाच. "काय दिसतंय तिकडे?"

"दोरे. सगळे दोरे एकमेकांत अडकलेत."

"अडकू देत. त्यातला एकच धरा. कुठल्या रंगाचा आहे?"

"निळा."

"मग निळ्याचंच सांगा."

काकूंनी सांगितलं. त्यातलं अर्धं कुणालाच कळलं नसतं. पण काका ओट्याला टेकून ऐकत होते, पहिल्यांदाच मधे न बोलता.

त्यानंतर बाई दर सुट्टीला जात. कधीच खाटेपाशी बसल्या नाहीत. स्वयंपाकघरात पडद्यामागे पाट घेऊन बसत, तिथूनच बोलत. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंना हे विचित्र वाटे. पाहुणीला कुणी चुलीपाशी बसवतं का, असं त्या काकांना म्हणाल्यासुद्धा. काका नुसते हसले. एके दिवशी त्यांनी स्वतःच पडद्यामागे येऊन बघितलं. बाईंशेजारी उकिडवे बसले आणि चाचरत म्हणाले, "बोला." पलीकडून काकू म्हणाल्या, "तू कोण रे नवीन?" काका म्हणाले, "मी पलीकडचाच." त्या दिवशी दोघांचं थोडंफार बोलणं झालं. बाई उगाच स्वच्छ पातेलं पुन्हा घासत राहिल्या.

काकूंचे शब्द आटत गेले. शेवटी नुसता हुंकार उरला, आणि थंडीच्या दिवसांत तोही थांबला. सांगायला काका स्वतः संग्रहालयात आले. वरपर्यंत चढून आले आणि दालनाच्या दारात उभे राहिले.

"गेली."

बाईंनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं. आत एक मुलगी मशीनला चित्र सांगत होती आणि मशीन तिची वाहवा करत होतं. काका पेल्यांच्या कपाटाकडे बघत बसले.

"इथं यायचो तेव्हा माझ्याबद्दल कधी काही म्हणाली होती का हो?"

बाईंनी पाण्याचं भांडं बाजूला ठेवलं. "एकदा म्हणाल्या होत्या की, तो माणूस चांगला आहे. रस्त्यात हात धरतो."

"तो माणूस," काका म्हणाले. त्यांना सगळं समजलं होतं, हे बाईंना दिसलं. मग काका म्हणाले, "धरायचो खरा."

काकांना त्यांच्या लेकीनं आपल्याकडे नेलं, दूर. हिरव्या दाराचं घर रिकामं झालं. जायच्या आदल्या दिवशी काका निरोप घ्यायला आले तेव्हा बाईंनी आपला नंबर त्यांना दिला. घरच्या नसलेल्या माणसाला आपला नंबर देण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. सुट्टीच्या दिवशी आता त्यांना जायला कुठं उरलं नाही. एकदा सवयीनं डेपोपर्यंत गेल्या, फाटकापाशी चहा घेतला आणि परत आल्या.

फोन बऱ्याच आठवड्यांनी आला. बाई भाजी चिरत होत्या.

"मी बोलतोय," काका म्हणाले आणि थांबले. त्यांना फोनवर बोलायची सवय नव्हती. बाईंनी फोन कानाशी नीट धरला.

"कसं चाललंय तिकडे?"

"बरं चाललंय. सगळे चांगले आहेत. सकाळी सगळे कामाला जातात, मग मी एकटाच."

"खिडकी आहे का खोलीला?"

"आहे."

"काय दिसतं?"

"काय दिसणार, रस्ता."

"आणि रस्त्यावर?"

काका खुर्ची सरकवून खिडकीशी गेल्याचा आवाज आला. "एक बस उभी आहे. कशी लावलीये बघा मूर्खानं! मागचं चाक फूटपाथवर. आता ती पोरं कुठून जाणार? मघापासून एक बाई छत्री घेऊन उभी आहे, तिला बस पकडायचीये, पण ड्रायव्हरचा पत्ताच नाही..."

काका बोलत राहिले. बाईंनी सुरी खाली ठेवली आणि जमिनीवर बसून ऐकू लागल्या.

आता कधीमधी फोन येतो. काही आठवड्यांत येतो, काही आठवड्यांत येत नाही, आणि न येणारे आठवडे लांबलचक असतात. फोन ठेवल्यावर खोली आधीपेक्षा जास्त रिकामी वाटते, हे बाईंनी काकांना सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी त्यांची ही नोकरीही संपेल. काका म्हणतात, या एकदा इकडे, लेकीला सांगून ठेवलंय. बाई म्हणतात, बघू. गाडीच्या वेळा त्यांनी विचारून आणल्या आहेत, पण अजून गेलेल्या नाहीत.